सापांविषयीचे गैरसमज

सापांविषयीचे गैरसमज म्हणजे सापांचे शरीर, वर्तन, विष आणि सर्पदंशावरील उपचार यांविषयी समाजात रूढ असलेल्या, परंतु प्राणिशास्त्राच्या कसोटीवर न टिकणाऱ्या समजुती होत. साप दूध पितो, डूख धरतो, पुंगीच्या सुरावर डोलतो, धामण ही नागाची मादी असते, मंत्राने विष उतरते या त्यांपैकी महाराष्ट्रात सर्वाधिक प्रचलित समजुती आहेत. त्यांतील काही निरुपद्रवी आहेत, काही सापांच्या जिवावर उठतात, तर काही माणसाच्या. या समजुती तपासून दुरुस्त करण्याचे महाराष्ट्रातील बरेचसे आरंभीचे काम मुंबईत, विशेषतः फोर्टमधील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि परळची हाफकिन संस्था या दोन ठिकाणी झाले.

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी सुमारे ६० विषारी आहेत. माणसाच्या मृत्यूस प्रामुख्याने कारणीभूत ठरणाऱ्या जाती मात्र चारच मानल्या जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

मुंबईतील अभ्यासाची परंपरा

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी केली. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे त्यांपैकी एक, आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. संस्थेचा संग्रह काही काळ हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या काळा घोडा परिसरातील फोर्ब्स स्ट्रीटवरील पेढीत ठेवलेला असे. फिप्सन यांना सापांची विशेष आवड होती आणि मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर त्यांनी लेखनही केले. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. लष्करी वैद्यकीय अधिकारी फ्रँक वॉल यांची भारतातील सामान्य सापांवरील सचित्र लेखमाला त्यात १९०५ पासून अनेक वर्षे प्रसिद्ध झाली. विषारी साप ओळखावेत कसे, हे शरीरावरील खवल्यांच्या रचनेवरून सांगणारे वॉल यांचे पुस्तकही संस्थेनेच काढले. रंगावरून साप ओळखू नये, खवले पाहावेत, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच उपयुक्त आहे. एकाच जातीच्या सापांत रंगांचे इतके वैविध्य असते की रंगावर विसंबणारा हमखास फसतो. संस्थेचे अभिरक्षक राहिलेले जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरील पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील पिढीतील अनेक अभ्यासकांनी त्यावरूनच साप ओळखण्याचे धडे गिरवले.

परळच्या संस्थेचा उगम प्लेगच्या साथीत आहे. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्देमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. या प्रयोगशाळेत काम केलेले जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सर्पविषांवर महत्त्वाचे संशोधन केले. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर जो रक्तद्रव तयार केला होता, तो सर्वच सापांच्या विषावर चालेल अशी त्यांची धारणा होती. लँब यांच्या प्रयोगांनी ही धारणा खोडून काढली: नागाच्या विषावरील रक्तद्रव घोणसाच्या विषापुढे निष्प्रभ ठरतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. म्हणजे सापांविषयी गैरसमज केवळ अडाण्यांनाच असतात असे नाही. या विषयातील एक मोठा गैरसमज प्रयोगशाळेतच जन्मला आणि प्रयोगशाळेतच दूर झाला.

प्रतिविषासाठी विष लागते आणि विषासाठी जिवंत साप लागतात. त्यामुळे हाफकिन संस्थेत सर्पालय उभे राहिले. तेथील प्राणिशास्त्रज्ञ पी. जे. देवरस यांनी या सापांपासून मिळणाऱ्या विषाच्या प्रमाणाच्या नोंदी ठेवून त्यांवर शोधनिबंध लिहिला. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये प्रकाशित केले. सापांचे वर्णन आणि त्यांच्याविषयीच्या समजुतींचा परामर्श एकाच ठिकाणी घेणारे स्वस्त व सुबोध पुस्तक तोवर भारतीय वाचकाला सहज उपलब्ध नव्हते.

दूध आणि पुंगी

श्रावण शुद्ध पंचमीला, म्हणजे नागपंचमीला, महाराष्ट्रात नागाची पूजा केली जाते. परंपरेने ही पूजा पाटावर काढलेल्या किंवा मातीच्या नागाची, अथवा वारुळाची असे आणि त्या दिवशी जमीन नांगरू नये, काही चिरू-कापू नये असा संकेत आहे. म्हणजे मूळ आचार सापाला इजा न करण्याचा आहे. शहरात वारुळ नाही; ती उणीव गारुड्याने भरून काढली. गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींच्या दारोदार टोपलीतील नाग घेऊन फिरणारे गारुडी हे अनेक दशके नागपंचमीचे नेहमीचे दृश्य होते.

साप मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, पाली, पक्षी, अंडी आणि इतर साप हे त्याचे अन्न. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न असून सापाच्या आहारात त्याला स्थान नाही आणि ते पचवण्याची सोयही त्याच्या शरीरात नाही. मग वाटीतले दूध कमी होते ते कसे? सणापूर्वी कित्येक दिवस नागाला पाणी दिले जात नाही. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो द्रव तोंडात घेतो. दूध श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसांना संसर्ग होतो आणि असे नाग पुढे लवकर मरतात. त्याआधीच त्यांचे विषदंत उपटलेले किंवा तोंड शिवलेले असते. तोडलेले विषदंत काही आठवड्यांत पुन्हा येतात, कारण सापाचे दात आयुष्यभर बदलत राहतात. म्हणून दात काढलेला नाग कायमचा निर्धोक होतो, हा गारुड्याचा दावाही खरा नाही.

धामण रात्री गोठ्यात शिरून गाई-म्हशींच्या पायांना विळखा घालते व आचळातून दूध पिते, अशीही समजूत आहे. सापाला ओठ नसतात, आणि चोखून घेण्यासाठी लागणारी गालांची व जिभेची रचनाही नसते. शिवाय त्याचे दात आत वळलेले व टोकदार असल्याने ते आचळाला लागताच जनावर स्वस्थ उभे राहणे अशक्य आहे. धामण गोठ्यात येते ती कडब्यातील उंदरांसाठी.

पुंगीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. सापाला बाहेरचा कान व कानाचा पडदा नसतो, यावरून तो ठार बहिरा असतो असे अनेक पाठ्यपुस्तकांत लिहिले जाई. तेही पूर्ण खरे नाही. त्याला अंतर्कर्ण असतो आणि जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून येणारी कंपने तो टिपतो. हवेतून येणारे खालच्या पट्टीतील आवाजही त्याला काही प्रमाणात जाणवतात, असे अलीकडील प्रयोगांतून दिसले आहे. मात्र फणा काढून डोलणारा नाग सुरांना दाद देत नसतो. समोर हलणारी पुंगी व गारुड्याचा गुडघा किंवा मूठ यांवर तो बचावाच्या पवित्र्यात नजर रोखून असतो. आवाज न करता नुसती पुंगी हलवली तरी नाग तसाच डोलतो. या समजुतीला हिंदी चित्रपटांनी दिलेले बळ मोठे आहे. १९५४ च्या 'नागिन'मधील गाजलेली बीन तर बीनही नव्हती. तो सूर क्लॅव्हायोलिन या विद्युत वाद्यावर वाजवलेला होता.

डूख, मणी आणि मीलन

मारलेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याची प्रतिमा उमटते व त्याची जोडीदारीण सूड घेते, ही 'डूख धरण्याची' कल्पना मराठी बोलीत वाक्प्रचार म्हणून पक्की रुजली आहे. साप जोडीने संसार करीत नाहीत. नर-मादी मीलनापुरते एकत्र येतात आणि विलग होतात. व्यक्ती ओळखून, तिचा माग काढून दूरवर जाण्यास लागणारी स्मृती त्यांच्या मेंदूत नाही. एका ठिकाणी साप मारल्यावर तेथेच दुसरा दिसला, तर त्याचे कारण बहुधा सूड नसून उंदीर असते: जेथे भक्ष्य व आडोसा आहे तेथे साप येत राहतात.

नागाच्या डोक्यात मणी असतो, या समजुतीवर आजही फसवणूक चालते. कोणत्याही सापाच्या कवटीत असा खडा तयार होत नाही. विकले जाणारे 'नागमणी' काच, राळ किंवा रंगीत खडे असतात आणि काही वेळा नागाच्या डोक्यावरची कातडी चिरून खडा आधीच आत बसवलेला असतो. जखमेला लावल्यास विष शोषून घेणारा म्हणून ओळखला जाणारा 'जहरमोहरा' हा पुष्कळदा जाळलेल्या हाडाचा सच्छिद्र तुकडा असतो. तो ओल्या जखमेला चिकटतो, हे खरे. पण विष तोवर त्वचेखालच्या ऊतींत पसरलेले असते आणि खडा चिकटल्याने ते परत येत नाही.

दोन साप एकमेकांना पीळ घालून जमिनीपासून उंच उठलेले दिसले की ते मीलन समजले जाते आणि त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकून ते जपून ठेवल्यास भरभराट होते, असे मानतात. बहुतेक वेळा हे दोघेही नर असतात. मादीसाठी किंवा क्षेत्रासाठी दुसऱ्याला खाली दाबण्याची ही कुस्ती असते. धामणींमध्ये ती वारंवार पाहायला मिळते. धामण ही नागाची मादी असते ही समजूतही बहुधा अशाच दृश्यांतून निघाली असावी. नाग व धामण हे वेगवेगळ्या कुळांतील साप असून दोहोंतही नर आणि मादी असतात.

ओळखीतील घोटाळे

गैरसमजांचा सर्वांत धोकादायक भाग कथांत नाही, तो ओळखीत आहे. कवड्या हा बिनविषारी साप भिंती व पाइप चढण्यात पटाईत असून पाली खाण्यासाठी घरांत शिरतो. जुन्या इमारतींत तो सहज सापडतो आणि मण्यार समजून मारला जातो. याच्या उलट चूक, म्हणजे मण्यारीला कवड्या समजून हाताळणे, प्राणघातक ठरू शकते. मण्यारीच्या काळ्याभोर, चकचकीत अंगावर पांढरे पट्टे सहसा जोडीने असतात. ते मानेकडे अस्पष्ट किंवा तुटक आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. पाठीच्या मध्यावरील खवले मण्यारीत मोठे व षट्कोनी असतात, कवड्यात तसे नसतात. लहान घोणस आणि अजगराचे पिल्लू यांतही अशीच गल्लत होते. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत ठिपके असतात, डोके त्रिकोणी असते आणि चिडल्यावर तो कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फूत्कार सोडतो. अजगराच्या अंगावरील चट्टे वेडेवाकडे असतात. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप केवळ नावामुळे व ठिपक्यांमुळे मरतो.

मांडूळ या बिनविषारी सापाचे शेपूट बोथट, डोक्यासारखे दिसणारे असते. संकट आल्यास तो डोके अंगाखाली लपवून शेपूट पुढे करतो, त्यामुळे त्याला 'दुतोंड्या' म्हणतात. सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्याने चालतो अशी कथाही जोडलेली आहे. या प्राण्याचे खरे दुर्दैव निराळेच आहे. गुप्तधन, पैशांचा पाऊस आणि असाध्य रोगांवरील औषध यांच्या नावाखाली त्याची वजनावर किंमत ठरवून तस्करी होते आणि महाराष्ट्रात अशा टोळ्या पकडल्या गेल्याच्या बातम्या नियमितपणे येतात.

झाडावर राहणारा हिरवा हरणटोळ माणसाच्या टाळूवर किंवा डोळ्यावर झेप घेऊन दंश करतो, असे सांगितले जाते. हा निमविषारी साप पाली-सरडे खातो, त्याचे विष माणसाला घातक नाही आणि तो मुद्दाम डोक्याचा वेध घेत नाही. समुद्रसापांबाबत मात्र उलटा गैरसमज आहे. त्यांचे तोंड इतके लहान असते की ते चावूच शकत नाहीत, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात समुद्रसाप अतिशय विषारी असून जाळ्यातून मासे काढताना कोळ्यांना त्यांचे दंश होतात. भारतातील प्रचलित प्रतिविष या विषावर तयार केलेले नाही.

दंश, मांत्रिक आणि उपचार

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते. बहुतांश मृत्यू ग्रामीण भागात आणि घरी, म्हणजे रुग्णालयाबाहेर, घडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला.

मांत्रिकाच्या यशाचे गणित साधे आहे. चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा दंशाला 'कोरडा दंश' म्हणतात. या दोन्ही प्रकारांतील रुग्ण काहीही न करता वाचतो आणि श्रेय मंत्राला, मुळीला किंवा गंड्याला जाते. ज्याच्या शरीरात खरोखर विष गेले आहे, त्याचे मात्र मोलाचे तास वाया जातात. विष चढले की नाही हे पाहण्यासाठी कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चघळायला देणे, दंशावर कोंबड्या लावणे हे प्रकारही असेच वेळखाऊ व निरर्थक आहेत.

मण्यारीचा दंश या बाबतीत विशेष फसवा आहे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना तिचे दंश अधिक होतात. वेदना व सूज नगण्य असल्याने अनेकदा दंश झाल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे व गिळणे कठीण होते आणि अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. असा रुग्ण डोळे उघडू शकत नाही, हात हलवू शकत नाही, पण त्याला आजूबाजूचे बोलणे ऐकू येत असू शकते. त्याला मृत समजण्याची चूक होऊ शकते. वेळेवर कृत्रिम श्वसन मिळाल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो. सर्पदंशाने 'मेलेला' माणूस पुन्हा उठतो या लोककथांच्या मुळाशी अशीच उदाहरणे असण्याची शक्यता आहे. जमिनीपासून उंचावर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा मण्यारीपासून बचावाचा स्वस्त उपाय आहे.

घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. ते तपासण्याची चाचणी कोणत्याही लहान रुग्णालयात करता येते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर विषबाधा झाली आहे.

दंशाच्या वर दोरी घट्ट आवळणे, जखम चिरणे आणि तोंडाने विष ओढणे हे तिन्ही उपाय आता त्याज्य मानले जातात. आवळलेल्या दोरीमुळे रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागू शकतो. रक्त न गोठणाऱ्या रुग्णाची जखम चिरणे म्हणजे नवा रक्तस्राव ओढवून घेणे. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत आणि त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे; रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नाही. त्या प्रयत्नात दुसरा माणूस दंश करून घेतो, असे वारंवार घडते.

प्रतिविष

प्रतिविष अर्थात अँटीव्हेनम तयार करण्यासाठी घोड्याला विषाच्या अल्प, हळूहळू वाढवलेल्या मात्रा टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी व शुद्ध करून औषध बनवतात. भारतात मिळणारे प्रतिविष चार प्रमुख सापांविरुद्ध एकत्रित काम करते. त्याचा १ मिलिलिटर नागाचे ०.६, घोणसाचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, असे प्रमाण ठरवलेले आहे. हाफकिन संस्था विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या औषधाच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक झाली होती. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम वेगळे करून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे देण्यात आले. संशोधन व उत्पादन या दोन्ही आस्थापनांचा पत्ता मात्र परळच राहिला.

प्रतिविषाचे इंजेक्शन कुठेही, कुणीही द्यावे असे नाही. घोड्यापासून मिळालेल्या प्रथिनांची तीव्र अधिहर्षता काही रुग्णांत उद्भवते, म्हणून ते रुग्णालयातच, शिरेवाटे देतात. ते बिनविषारी किंवा कोरड्या दंशात देण्याची आवश्यकता नसते. चापडा या हिरव्या सापासह काही जातींच्या विषावर सध्याचे प्रतिविष परिणामकारक नाही.

कायदा आणि सर्पमित्र

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित साप पकडणे, बाळगणे, मारणे, विकणे किंवा त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याची प्रथा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली आणि पूजा प्रतिमेकडे वळली. गारुड्यांवरील कारवाईला दुसरी बाजूही आहे. हा पिढीजात धंदा करणाऱ्या भटक्या समाजातील कुटुंबांचे उत्पन्न कायद्याने बंद झाले, पण त्यांचे साप हाताळण्याचे कौशल्य क्वचितच उपयोगात आणले गेले. तमिळनाडूत इरुळा समाजाची सहकारी संस्था १९७८ पासून प्रतिविष उत्पादकांना विष पुरवते. तसा प्रयोग महाराष्ट्रात रुजला नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत सर्पदंशाचा थेट उल्लेख आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे हा त्यानुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला.

मानवी वस्तीत आलेला साप पकडून निसर्गात सोडणाऱ्या स्वयंसेवकांना महाराष्ट्रात 'सर्पमित्र' म्हणतात. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहून, न डिवचलेला साप चावत नाही हे लोकांना दाखवून दिले आणि पुढे कात्रजच्या सर्पोद्यानाच्या उभारणीत पुढाकार घेतला. सर्पमित्रांमुळे साप मारण्याचे प्रमाण घटले, यात शंका नाही. मात्र समाजमाध्यमांवर नाग गळ्यात घालून किंवा त्याचे चुंबन घेताना काढलेल्या चित्रफिती हा जुन्या गारुड्याच्या खेळाचाच नवा अवतार आहे आणि अशा प्रसंगी दंश होऊन सर्पमित्रांचे मृत्यूही झाले आहेत. साप दिसल्यास त्याच्यापासून अंतर राखून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.